समुद्रातला चपटा मासा अमेझॉनच्या तळाशी कसा?

२०२३ सालच्या सप्टेंबरअखेरीस ब्राझीलमधल्या तेफे सरोवरातून आलेले फोटो बऱ्याच जणांना आठवत असतील. दुष्काळाने सरोवर इतकं उथळ झालं होतं की पाण्याचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि बघता बघता शंभराहून जास्त डॉल्फिन मेले. बातमी वाचून हळहळ वाटलीच, पण सोबत एक साधा प्रश्नही अनेकांना पडला. डॉल्फिन समुद्रातला ना? मग समुद्रापासून दोनएक हजार किलोमीटर आत, जंगलातल्या सरोवरात तो काय करत होता?

प्रश्न रास्त आहे. पण या कोड्यातला डॉल्फिन हा त्यातल्या त्यात सोपा जीव. तो हवेत श्वास घेतो, प्रवाहाविरुद्ध पोहण्याची ताकद त्याच्या अंगात आहे आणि पिल्लाला तो सोबत वागवतो. नदीत शिरणं त्याला जमलं, यात फार नवल नाही. नवल त्याच नदीच्या तळाशी, वाळूत अंग पुरून पडलेलं असतं. तळहातात मावेल एवढा, दोन्ही डोळे एकाच कुशीवर असलेला चपटा मासा. कोळणीच्या पाटीतल्या लेप्याचा लांबचा भाऊबंद.

हा मासा कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणजे पाण्यातल्या मिठाशी त्याचा थेट संबंध. पोहण्यात तो यथातथाच. त्याच्या समुद्रातल्या जातभाईंची अंडी-पिल्लं पाण्याबरोबर वाहत जातात. नदीत वस्ती करायला याहून गैरसोयीचा उमेदवार सापडणं कठीण. तरीही तो अमेझॉनमध्ये आहे, ओरिनोकोत आहे, गयानाच्या एसेक्विबो नदीत आहे आणि पेरूत इकितोसच्या आसपासही आहे. इकितोस अटलांटिकपासून नदीच्या वाटेने सुमारे ३,६०० किलोमीटरवर. तो तिथे कसा गेला हे समजलं, की डॉल्फिनचं उत्तर आपोआप हाती येतं.

## आधी ओळख

चपट्या माशांच्या जगभरात आठशेच्या आसपास जाती आहेत. जवळजवळ सगळ्या समुद्रातल्या किंवा खाडीतल्या. कायम गोड्या पाण्यात राहणाऱ्या जाती अगदी थोड्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा दक्षिण अमेरिकेत. बाकीच्या मुख्यतः आग्नेय आशियात; मेकाँग नदीत तर आपल्या लेप्याच्याच कुळातले मासे आहेत.

दक्षिण अमेरिकेतले हे मासे ‘अकिरिडी’ या कुळातले. अमेरिका खंडाच्या दोन्ही किनाऱ्यांवर या कुळाचे मासे आढळतात, बाकी जगात नाहीत. नदीत राहणारे तीन गट लक्षात ठेवले तरी पुरे. ‘हायपोक्लिनेमस’ हा त्यातल्या त्यात मोठा, वीतभर वाढणारा. ‘कॅटाथिरिडियम’ खाली पाराना, पराग्वे, उरुग्वे या नद्यांमध्ये. आणि ‘अ‍ॅपिओनिक्थिस’ हा सगळ्यांत चिमुकला आणि माझ्या मते सगळ्यांत मजेशीर.

या चिमुकल्याचे डोळे टाचणीच्या डोक्याएवढे. गढूळ पाण्यात मोठे डोळे ठेवून करायचं काय? खालच्या बाजूला, म्हणजे जी कूस चिखलाला टेकलेली असते तिथे, या कुळात कातडीचे बारीक धागे लोंबतात. अंधारात चाचपायचं काम त्यांच्याकडे. रंग वाळूचा किंवा कुजक्या पानाचा. अंगाच्या कडेने फिरणारे पर थरथरवले की वाळू उडते, अंगावर बसते, आणि मासा दिसेनासा होतो. खाणं म्हणजे किड्यांच्या अळ्या आणि तळातले तसलेच बारीकसारीक जीव.

अशा माशाची नोंद व्हायलाही वेळ लागतो. इंडियाना विद्यापीठाचे कार्ल आयगेनमन १९०८ साली तेव्हाच्या ब्रिटिश गयानात मासे गोळा करायला गेले. त्या मोहिमेवर त्यांनी १९१२ मध्ये जाडजूड ग्रंथ काढला आणि त्यात या गटातली एक जात नोंदवली. पुढे नव्वद वर्षं गेली. २००३ मध्ये ब्राझीलचे रॉब्सन रामोस यांनी संग्रहालयांतल्या बाटल्या एकेक करून तपासल्या आणि या एकाच गटात चार नव्या जाती असल्याचं दाखवलं. आता गटात सात जाती धरतात. त्यांतली एक किनाऱ्यालगत, नद्यांच्या मुखांजवळ राहते, बाकीच्या आत गोड्या पाण्यात. ही किनाऱ्यावरची जात ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

## दोन्ही डोळे एकाच बाजूला, म्हणजे नेमकं काय?

हे समजायला दक्षिण अमेरिकेला जायची गरज नाही. पुढच्या वेळी लेपा आणाल तेव्हा सोलण्याआधी त्याला डोळ्यांची बाजू आपल्याकडे करून उभा धरा, तोंड डोळ्यांच्या खाली येईल असा. त्याचं डोकं तुमच्या डाव्या हाताकडे येईल. म्हणजे दिसतेय ती त्याची डावी कूस, आणि उजवा डोळा सरकून डावीकडे आलेला आहे. अमेझॉनमधला मासा असाच धरला तर डोकं उजवीकडे येतं. तिथे डावा डोळा उजवीकडे सरकलेला असतो. बाकी हिशेब तोच.

हा मासा जन्मतः चपटा नसतो. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू चारचौघांसारखं सरळ पोहतं आणि दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. काही आठवड्यांत एक डोळा डोक्याच्या कडेवरून पलीकडे जायला लागतो, कवटीची हाडं पिळवटतात, पिल्लू एका कुशीवर कलतं आणि शेवटी तळाशी आडवं होतं. वरची कूस रंगते, खालची पांढरी राहते. हा सगळा बदल थायरॉईड ग्रंथीच्या संप्रेरकावर चालतो, म्हणजे आपण रक्ततपासणीत ज्याची पातळी बघतो त्याच्यावर. प्रयोगशाळेत ते संप्रेरक रोखलं की रूपांतर थांबतं, वाढवलं की लवकर होतं. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जाते तीही याच संप्रेरकामुळे.

या पिळवटीत तोंडही वाकडं होतं. ब्राझीलमध्ये यावर एक दंतकथा सांगतात. मेरी मातेने नदीकाठी या माशाला विचारलं, भरती आहे की ओहोटी? माशाने उत्तर द्यायचं सोडून तोंड वेडंवाकडं करून तिचाच प्रश्न तिला चिडवत परत ऐकवला. तेव्हापासून तोंड तसंच राहिलं.

## पण डोळा अर्धवट सरकून फायदा काय?

ही शंका कुणाही विचारी माणसाला येईल, आणि ती डार्विनच्या हयातीतच आली होती. १८७१ मध्ये सेंट जॉर्ज मायव्हार्ट या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने चपटा मासा पुढे करून डार्विनला कोंडीत पकडलं. मुद्दा असा: डोळा हळूहळू, पिढ्यान् पिढ्या सरकला म्हणता, मग तो थोडासाच सरकलेला असताना त्याचा उपयोग काय? खालचा डोळा अजून चिखलातच असेल तर माशाला मिळालं काय? आणि उपयोग नसेल तर निसर्ग त्याची निवड करेल कशाला?

पुढच्याच वर्षी ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत डार्विनने उत्तर दिलं. स्वीडनचे प्राणिशास्त्रज्ञ माल्म यांनी पिल्लांचं केलेलं निरीक्षण त्याने पुढे ठेवलं. कुशीवर पडलेलं पिल्लू खालचा डोळा ताणून ताणून वर बघायचा प्रयत्न करतं. या सवयीतून डोळा सरकला असावा, असा त्याचा सूर होता. ते उत्तर आज कुणी तसंच्या तसं मान्य करणार नाही. खरी अडचण वेगळीच होती, की मधल्या अवस्थेतला प्रौढ मासा कुणी पाहिलाच नव्हता.

तो सापडला २००८ मध्ये, आणि तोही खोदकामात नाही. इटलीत व्हेरोनाजवळ मोंते बोल्का नावाची जागा आहे, तिथल्या दगडांत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे मासे चित्रासारखे छापलेले मिळतात. तिथले जुने नमुने संग्रहालयांत कधीपासून पडून होते. जीवाश्मांचे अभ्यासक मॅट फ्रीडमन यांनी ते नव्याने तपासले तेव्हा दोन प्रकारच्या माशांत कवटी असमान दिसली. एक डोळा वर चढलेला, पण अजून पलीकडे न गेलेला. आणि हे मासे पिल्लं नव्हते, पूर्ण वाढलेले होते. मायव्हार्टला जो मासा अशक्य वाटत होता, तो पोट भरून, वाढून, मेलेला दगडात सापडला.

उपयोग काय, याचं उत्तर आपल्याच समुद्रात मिळतं. आपल्याकडे भाकस म्हणतात तो चपटा मासा आजही जुन्या वळणाचा आहे. त्याचा सरकलेला डोळा डोक्याच्या अगदी कडेवर अडकलेला असतो, पुरता पलीकडे गेलेला नसतो. काही भाकस डावीकडे डोळ्यांचे, काही उजवीकडे. कडेवरच्या डोळ्याने वरचं-बाजूचं दिसतं, आणि भाकसाचं तेवढ्यावर उत्तम चाललं आहे.

## खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात जाणं एवढं अवघड का?

आता मुख्य प्रश्नाकडे. मासा पाण्यात राहतो, मग पाणी खारं की गोडं याने बिघडतं काय?

लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात खाली पाणी सुटतं आणि फोडी आक्रसतात. मीठ बाहेर जास्त, आत कमी, म्हणून पाणी बाहेर ओढलं जातं. समुद्रातल्या माशाची रोजची अवस्था हीच. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून त्याचं पाणी सतत बाहेर जात असतं. म्हणून तो समुद्राचं पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींतून बाहेर फेकतो आणि लघवी अगदी कमी करतो.

तोच मासा नदीत आला की सगळं उलटं. आता मीठ आत जास्त, बाहेर जवळजवळ नाहीच. पाणी अंगात घुसत राहतं आणि क्षार बाहेर झिरपतात. आता पाणी पिणं बंद करायला हवं, मूत्रपिंडांनी पातळ लघवी भरभरून करायला हवी आणि कल्ल्यांनी मीठ बाहेर टाकायचं सोडून कणाकणाने आत ओढायला हवं. यंत्रणा तीच, पण उलट्या दिशेने चालवायची, चोवीस तास, आणि अंड्यातून बाहेर पडल्या दिवसापासून.

अमेझॉनमध्ये तर हे आणखी कठीण. रिओ नेग्रोसारख्या काळ्या पाण्याच्या उपनद्यांत क्षार इतके कमी, की ते पाणी पावसाच्या पाण्याच्या जवळपास जातं. अँडीज पर्वतावरून येणाऱ्या गढूळ नद्यांत क्षार थोडे जास्त असतात. पाण्यात कॅल्शियम असलं की कल्ल्यांतून होणारी गळती कमी होते. हा कॅल्शियमचा मुद्दा पुढे येणार आहे.

## ‘मग आला असेल पोहत, त्यात काय?’

हा सगळ्यांत सरळ तर्क आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. बुल शार्क समुद्रातून पोहत इकितोसपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. पण बुल शार्क म्हणजे स्नायूंचा गोळा. आपला मासा दिवसभर वाळूत पडून राहणारा.

तरी आळशी माशालाही एक युक्ती येते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर याच अकिरिडी कुळातला ‘हॉगचोकर’ राहतो. चेसापीक उपसागरात तो खालच्या निमखाऱ्या भागात अंडी घालतो आणि त्याची पिल्लं वर गोड्या पाण्याकडे जातात. ही चढण स्वतःच्या बळावर करायची गरज नसते. खाडीतल्या पुष्कळ माशांची पिल्लं भरतीच्या वेळी तळावरून उठतात, पाणी नेईल तेवढी आत जातात आणि ओहोटी लागली की तळाला बसून राहतात. कष्ट भरतीचे, प्रवास माशाचा.

अमेझॉनमध्येही भरती जाणवते, आणि तीही थोडीथोडकी नाही. समुद्रापासून सुमारे ८०० किलोमीटरवरच्या ओबिदोसपर्यंत पाण्याची पातळी भरती-ओहोटीने हलते. नदीचं पात्रही फसवं सपाट: इकितोसची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर, आणि तेवढीच उतरण ३,६०० किलोमीटरमध्ये वाटलेली. वर त्या किनाऱ्यावरच्या जातीची साक्ष: एकाच गटातली एक जात मुखाशी आणि बाकीच्या आत, म्हणजे मुखातून वर जाण्याची वाट बंद नाही.

पण ओबिदोसच्या पुढे भरती नाही. तिथून वर दर सेकंदाला लाखभर घनमीटरहून जास्त पाणी समोरून अंगावर येतं. मोठा मासा तळाला चिकटून, कडेकडेने सरकत जाईलही. पण वस्ती करायची म्हणजे तिथे अंडी घालायची, आणि ती अंडी-पिल्लं वाहून परत समुद्रात जाणार. एक पिढी चढली तरी दुसरी खाली. शिवाय अमेझॉन इतकं गोडं पाणी ओतते की खारं पाणी तिच्या मुखात शिरतच नाही, मिठाची हद्द बाहेर समुद्रात असते. खाडीत पिढ्यान् पिढ्या हळूहळू सवय करून घ्यायला जो निमखारा पट्टा लागतो, तो इथे जमिनीच्या आत नाहीच.

## समुद्रच आत आला होता

आता काळ बराच मागे न्यावा लागेल. सुमारे दोन कोटी ते एक कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्रात ‘मायोसीन’ म्हणतात त्या लांबलचक कालखंडाच्या मधल्या भागात, आजची अमेझॉन नदी नव्हतीच. अँडीज पर्वत अजून उंच व्हायचा होता. पश्चिम अमेझॉनच्या जागी, आजच्या पेरू, कोलंबिया आणि ब्राझीलच्या सीमेवर, सरोवरं, दलदली आणि संथ प्रवाहांची एक प्रचंड पाणथळ पसरलेली होती. पेरूतल्या पेबास गावावरून तिला पेबास पाणथळ म्हणतात. तिचं पाणी उत्तरेला कॅरिबियन समुद्राकडे जात होतं, आणि समुद्राची पातळी वाढली की तोच रस्ता धरून खारं पाणी आत येत होतं.

पुरावा? पेबासच्या निळसर मातीत शिंपले-गोगलगायींचा खच आहे, त्यातल्या अनेक जाती जगात दुसरीकडे कुठेच नव्हत्या. शिंपला बनायला कॅल्शियम लागतं, म्हणजे पाण्यात ते भरपूर होतं, आणि कॅल्शियम असेल तर समुद्री माशाच्या कल्ल्यांना गोड्या पाण्याची सवय करणं सोपं. २०१७ मध्ये कार्लोस हारामियो आणि सहकाऱ्यांनी कोलंबिया आणि ब्राझीलमधल्या जमिनीत खोल भोकं पाडून काढलेल्या माती-दगडाच्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात शार्कचा दात, समुद्री मँटिस कोळंबी आणि समुद्रातच जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचे अवशेष होते. त्यांच्या मते समुद्र निदान दोनदा आत शिरला: एकदा साधारण १.८ कोटी वर्षांपूर्वी, दुसऱ्यांदा साधारण १.४ कोटी वर्षांपूर्वी.

पुढे अँडीज उचलला गेला, उत्तरेची वाट बंद झाली आणि साधारण एक कोटी वर्षांपूर्वी पाणी पूर्वेला, अटलांटिककडे वळलं. आजची अमेझॉन ती ही. खारं पाणी गेलं. मागे राहिलेल्या जिवांपुढे दोनच पर्याय होते, मरा किंवा जमवून घ्या. बहुतेक मेले असणार. काहींनी जमवलं, आणि जमवायला त्यांच्याकडे लाखो वर्षं होती.

या चित्रात चपट्या माशाच्या तिन्ही अडचणी सुटतात. मीठ हळूहळू कमी झालं. प्रवाह जवळजवळ नव्हता. आणि संथ पाण्यात पिल्लं वाहून जायची भीतीही नव्हती. दक्षिणेकडे, आजच्या अर्जेंटिना-पराग्वेच्या बाजूला, त्याच सुमारास आणखी एक समुद्र जमिनीत घुसलेला होता. कॅटाथिरिडियम आज नेमका त्याच खोऱ्यात राहतो. योगायोग असेलही, पण दुर्लक्ष करावं असा नाही.

## एकट्या माशावरून एवढा निष्कर्ष?

तो एकटा असता तर मीही काढला नसता. अमेझॉनमध्ये समुद्रकुळांतले जीव इतके आहेत, की आपल्या ससून डॉकचीच यादी वाचतोय असं वाटावं. पाकट आहेत, पूर्णपणे नदीतले. मांदेलीच्या कुळातला जेमतेम दोन सेंटिमीटरचा मासा आहे. घोळ आणि ढोम्याच्या कुळातले मासे तिथे रोज बाजारात येतात. लांब चोचीच्या टोळाचे नातेवाईक आहेत, पोट फुगवणाऱ्या केंडाचा आहे. त्यात गुलाबी डॉल्फिन आणि मॅनेटी, म्हणजे समुद्रगाईच्या जातकुळीतला सस्तन प्राणी, धरा.

पाकटावर सगळ्यांत जास्त वाद झाला. १९८१ मध्ये काही संशोधकांनी त्यांच्या पोटातल्या परजीवी कृमींवरून म्हटलं, की हे पाकट पॅसिफिकमधून, अँडीज उभा राहण्याआधी आले. १९९८ मध्ये नेथन लव्हजॉय आणि सहकाऱ्यांनी डीएनए तपासून ते खोडलं. वारसांच्या डीएनएत पिढ्यागणिक बदल साठत जातात. ते मोजून दोन घराणी कधी वेगळी झाली याचा अंदाज बांधतात. त्यांचा अंदाज मायोसीनमधल्या समुद्राकडे बोट दाखवणारा होता. नंतर काहींनी ही तारीख आणखी मागे नेली.

म्हणजे एकमत आहे असं समजू नका. समुद्र किती खोल शिरला, किती खारा होता, पेबास ही मुळात बव्हंशी गोड्या पाण्याची पाणथळच नव्हती का, यावर भूशास्त्रज्ञ आजही भांडतात. माझं मत विचाराल तर ‘समुद्र आत आला, का मासा वर चढला’ यांतलं एकच निवडण्यातच चूक आहे. किनाऱ्यावरची जात सांगते की मुखातून वाट आहे. इकितोसच्या वाळूतला मासा सांगतो की नुसती ती वाट पुरत नाही. वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळी दोन्ही वाटा वापरल्या, असं मानायला जागा आहे.

## आता त्याला परत समुद्रात सोडलं तर?

हॉगचोकर आजही दोन्हीकडे जगतो. पण पक्के नदीवासी झालेल्यांना परतीचा रस्ता नसतो, हे पाकटांवरून स्पष्ट दिसतं. समुद्रातले पाकट आणि शार्क रक्तात युरिया साठवून मिठाच्या ओढीला तोंड देतात. नदीतल्या पाकटांच्या रक्तात युरिया नाममात्र उरला आहे, आणि मीठ बाहेर टाकणारी त्यांची ग्रंथी सुकून गेली आहे. खारट पाण्यात ठेवलं तरी ते पुन्हा युरिया साठवू शकत नाहीत.

## असं असेल तर नद्यांत चपटे मासे इतके कमी का?

कारण नदीचा तळ आधीच भरलेला असतो. अमेझॉन खोऱ्यात माशांच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत आणि तळाची जागा शिंगाळ्याच्या जातकुळीतल्या मिशाळ माशांनी कधीच बळकावली आहे. नव्याला तिथे घुसायचं तर फार बारीक फट शोधावी लागते. अ‍ॅपिओनिक्थिस इतका लहान का, याचंही कारण यात असावं.

## याची काळजी कुणी करावी?

हे मासे खाण्याच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे, त्यामुळे त्यांच्यासाठी मोर्चे निघत नाहीत. पण त्यांची सगळी गुजराण वाळू आणि गाळावर आहे, आणि गाळ अडवण्यात धरणांचा हात कुणी धरत नाही. मदेइरा ही अँडीजचा गाळ घेऊन येणारी अमेझॉनची मोठी उपनदी. तिच्यावर सांतो अंतोनियो आणि जिराऊ ही दोन मोठी धरणं या शतकाच्या दुसऱ्या दशकात सुरू झाली. झिंगू नदीवर बेलो मोंते आहे. शिवाय सोनं काढणारे तराफे तळ उपसून टाकतात, आणि त्यासाठी वापरलेला पारा नदीतच राहतो.

त्यात दुष्काळ. ब्राझीलमधल्या मानाउस शहरात रिओ नेग्रोची पातळी ऑक्टोबर २०२३ मध्ये शंभर वर्षांहून जुन्या नोंदींतल्या नीचांकाला गेली आणि २०२४ मध्ये तोही नीचांक मोडला. मेलेला डॉल्फिन तरंगतो, मोजता येतो. वाळूत पुरलेला बोटभर मासा मेला तर तो मोजणार कोण?

## शेवटचा प्रश्न, जो मत्स्यालयवाले विचारतात

‘फ्रेशवॉटर फ्लाउंडर’ या नावाने जे विकलं जातं ते एकाच जातीचं नसतं. दक्षिण अमेरिकेतला हायपोक्लिनेमस असेल तर तो खरोखर गोड्या पाण्याचा. उत्तर अमेरिकेतला हॉगचोकर असेल तर लहानपणी गोड्या पाण्यात बरा राहतो, पण पुढे त्याला निमखारं पाणी लागतं. आशियातून येणाऱ्या काही चपट्या माशांचीही तीच गत. दुकानदाराला मासा कुठून आला ते विचारा. ‘नदीतून’ एवढंच उत्तर आलं तर न घेणं बरं, कारण खाडीतला मासाही नदीत सापडतो.

घेतलाच तर तळाला बारीक, गोल कडांची वाळू हवी. टोकदार खडी असेल तर खालची नाजूक कूस सोलवटते आणि जखम चिघळते. कोरडं खाणं बहुतेक मासे तोंडात धरत नाहीत, जिवंत किंवा गोठवलेल्या अळ्या-कृमी द्याव्या लागतात, आणि त्याही दिवे मालवल्यावर, नाहीतर टाकीतले चपळ मासे सगळं आधीच फस्त करतात. सकाळी मासा वाळूत दिसला नाही तर घाबरू नका, आधी काच बघा. पांढरी कूस काचेला लावून तो घट्ट चिकटून बसलेला असतो, आणि जाळीने ओरबाडायला गेलात तर सुटत नाही. पातळ, लवचिक कार्ड खालून अलगद सरकवलं की सोडतो.